शेअर राइडची जोडी कशी लावायची: मागणी नोंदण्यापासून गाडी ठरवण्यापर्यंत

एकाच दिशेला निघालेल्या दोन माणसांना एका गाडीत बसवायचं, यात अवघड ते काय, असं सुरुवातीला वाटतं. नकाशावर दोन बाण समांतर दिसले की लागली जोडी. प्रत्यक्षात त्यातला एक जण रस्त्याच्या पलीकडे उभा असतो, मध्ये दुभाजक असतो, यू-टर्न दीड किलोमीटरवर असतो आणि आधी बसलेल्या माणसाची सहा-सात मिनिटं तिथेच जातात. शेअर राइडची यंत्रणा बहुतेक वेळा अशाच ठिकाणी मार खाते. अल्गोरिदम कोणता वापरला याने पडणारा फरक त्यामानाने थोडा. म्हणून या लेखात गणिताइतकीच जागा पिकअपच्या जागेला, वेळेच्या अंदाजाला आणि ‘ही जोडी नको’ असं कधी म्हणायचं याला दिली आहे.

ऑफिसची शटल, मोठ्या वसाहतीच्या सामाईक गाड्या किंवा मागणीनुसार धावणारी शहरी सेवा उभी करणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. प्रोग्रॅमिंगची तोंडओळख असली तर उत्तम. नसली तरी हिशोब कागदावर करता येतील एवढेच आहेत.

पहिली पायरी: वचनं आकड्यांत मांडा

कोडची एक ओळ लिहिण्याआधी प्रवाशाला काय कबूल करायचं ते ठरवा. सुरुवातीला हे आकडे घ्या, मग अनुभवाने बदला:

- गाडीची वाट पाहणं: फार तर ८ मिनिटं.
- गाडीत बसल्यावरचा जादा वेळ: थेट प्रवासाच्या ४०%, पण किमान ४ आणि कमाल १२ मिनिटं.
- पिकअपपर्यंत चालणं: फार तर २०० मीटर.
- एका वेळी गाडीत वेगवेगळ्या मागण्या: पहिले काही महिने फक्त २.

जादा वेळेला टक्केवारी, तळ आणि छत असं तिन्ही का? नुसते ४०% ठेवले तर ५ मिनिटांच्या प्रवासाला २ मिनिटं मिळतात, म्हणजे त्या माणसाची जोडी जवळपास कधीच लागणार नाही. उलट तासाभराच्या प्रवासाला २४ मिनिटं मिळतात, आणि चोवीस मिनिटं उशिरा पोचलेला माणूस टक्केवारी काढत बसत नाही, पुढच्या वेळी एकट्याची गाडी घेतो.

वाट पाहण्याची आणि जादा प्रवासाची मर्यादा वेगवेगळी ठेवा. दोन्ही एकत्र करून ‘अमुक वाजेपर्यंत पोचवू’ एवढंच वचन दिलं, तर ज्याला गाडी लगेच मिळाली त्याची वाचलेली आठ मिनिटं यंत्रणा वळसा घालण्यात खर्च करते. त्याच्या दृष्टीने आपण विनाकारण शहर फिरतोय. जादा वेळ मोजायचा तो प्रत्यक्ष गाडीत बसल्यापासून.

दुसरी पायरी: मागणीची नोंद

प्रत्येक मागणीत एवढं हवं: नोंदीची वेळ, लवकरात लवकर निघण्याची वेळ, पिकअप आणि ड्रॉपचे अक्षांश-रेखांश, लागणाऱ्या जागा, थेट प्रवासाचा वेळ, आणि त्यावरून काढलेली पिकअपची शेवटची वेळ.

यातला थेट प्रवासाचा वेळ मागणी आली त्या क्षणी काढून गोठवायचा. ही बाब सर्रास चुकते. थेट वेळ दर वेळी नव्याने काढला, तर वाहतूक वाढली की तोही वाढतो आणि ४०% ची मर्यादा आपोआप सैल होते. प्रवाशाला स्क्रीनवर १८ मिनिटं दाखवलेली असतात, यंत्रणा मात्र मनातल्या मनात २४ वर हिशोब करत असते. रिपोर्टमध्ये सगळं मर्यादेत दिसतं आणि तक्रारी तरी येतात, असं झालं की आधी हे तपासा.

जागांचा आकडाही साधा नाही. दोघं मिळून एक मागणी करतात, सामान असतं, लहान मूल असतं. ‘एक मागणी म्हणजे एक जागा’ असं गृहीत धरलेलं कोड पहिल्याच दिवशी चार जागांच्या गाडीत पाच माणसं पाठवतं.

तिसरी पायरी: पिकअपची जागा

मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतं. उंच इमारतींच्या गल्लीत सिग्नल भिंतींवरून परावर्तित होऊन येतो आणि चूक वीस-तीस मीटरांवरही जाते. उड्डाणपुलाच्या आसपास तर बिंदू पुलावर की पुलाखाली, हे निव्वळ अक्षांश-रेखांशांवरून कळतच नाही. म्हणून आलेला बिंदू जवळच्या रस्त्यावर चिकटवून मोकळं होऊ नका. आजूबाजूच्या २०० मीटरमधल्या आधीच निवडलेल्या थांब्यांपैकी एक द्या.

हे थांबे माणसाने जाऊन पाहिलेले असावेत. गाडी अर्धा मिनिट उभी राहिली तर मागे हॉर्न वाजणार नाहीत, प्रवाशाला रस्ता ओलांडावा लागणार नाही, रात्री उजेड असेल, आणि जागेला सगळ्यांना माहीत असलेलं नाव असेल: बँकेचं दार, शाळेचं दुसरं गेट. थांब्याबरोबर रस्त्याची बाजूही नोंदवा. एकाच चौकातल्या समोरासमोरच्या दोन बाजू म्हणजे दोन वेगळे थांबे. मॅचिंग, म्हणजे जोड्या लावणं, करताना दोन्ही पर्याय तपासले तर कधी कधी प्रवाशाने चाळीस पावलं टाकल्याने गाडीची पाच मिनिटं वाचतात.

चौथी पायरी: प्रवासाच्या वेळेचा तक्ता

हवाई अंतराला सरासरी वेगाने भागून वेळ काढू नका. नदी, रेल्वेमार्ग, एकेरी रस्ते यांच्यासमोर हा हिशोब टिकत नाही. ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाचा रस्त्यांचा डेटा आणि त्यावर चालणारं ओएसआरएमसारखं मुक्त राउटिंग (मार्ग काढणारं) इंजिन सुरुवातीला पुरेसं आहे. सर्वांत कमी वेळाचा मार्ग शोधणारी डायक्स्ट्राची १९५९ मधली पद्धत अचूक आहे, पण मोठ्या शहरात दर सेकंदाला हजारो वेळा ती चालवणं परवडत नाही. म्हणून ही इंजिनं रस्त्यांच्या जाळ्यावर आधीच प्रक्रिया करून ठेवतात आणि एका फटक्यात ‘अनेक ठिकाणांहून अनेक ठिकाणी’ असा पूर्ण तक्ता देतात. मॅचिंगला हवा असतो तो हाच तक्ता. एकेका जोडीसाठी वेगळी विचारणा करणारं कोड मागण्या वाढल्या की गुडघे टेकतं.

तक्ता सममित नसतो हे ध्यानात ठेवा. क कडून ख कडे ४ मिनिटं आणि परत येताना ६, हे शहरात नेहमीचं.

मुक्त नकाशावरून येणारे वेळ बहुधा रिकाम्या रस्त्याचे असतात. आठवड्याचे वार आणि तास यांप्रमाणे गुणक लावा आणि ते आपल्याच गाड्यांच्या नोंदींवरून काढा: प्रत्यक्ष वेळ भागिले अंदाज, त्याचा मध्यक. शहराचे पाच-सहा विभाग आणि दिवसाचे सहा-सात कालखंड एवढ्यावर सुरुवातीचं काम भागतं. फार बारीक विभाग पाडले तर एकेका कप्प्यात तीन-चारच नोंदी येतात आणि गुणक वाऱ्यावर हलतात.

पाचवी पायरी: ज्या जोड्या शक्यच नाहीत त्या आधी गाळा

१,००० मागण्या हातात असतील तर जोड्या होतात ४,९९,५००. सगळ्यांचा सविस्तर हिशोब करायची गरज नसते. शहराला षटकोनी किंवा चौकोनी जाळ्यात विभागा. एच३ या षटकोनी जाळ्याच्या ९ व्या पातळीवर एका घराचं, म्हणजे एका षटकोनाचं, सरासरी क्षेत्रफळ सुमारे ०.१ चौरस किलोमीटर असतं, ते या कामाला सोयीचं पडतं. मग ज्या मागणीचा पिकअप आठ मिनिटांत पोचता येईल अशा घरांत आहे, तेवढ्याच पुढे पाठवा.

गाळणी उदार हवी. हवाई अंतराला शहरातल्या जास्तीत जास्त शक्य वेगाने भागून आलेला वेळही मर्यादेबाहेर असेल, तरच जोडी टाका. म्हणजे गाळणीत चुकून वाईट जोडी आत येईल, पण चांगली बाहेर पडणार नाही. दोन्ही प्रवासांच्या दिशांमधला कोन ३० अंशांपेक्षा जास्त असेल तर जोडी बाद, हा नियम दिसायला सुटसुटीत आहे, पण पुलावरून जाणारे दोन प्रवास कोनाने कितीही वेगळे असले तरी निम्मा रस्ता एकच असू शकतो. कोनाचा नियम नकोच.

सहावी पायरी: एका जोडीचा पूर्ण हिशोब

इथे थोडं थांबू, कारण सगळी यंत्रणा या एका हिशोबावर उभी आहे. क आणि ख असे दोन प्रवासी घेऊ. क चा थेट प्रवास १८ मिनिटांचा, ख चा १४ चा. बाकीचे वेळ असे:

- क च्या पिकअपवरून ख च्या पिकअपला ४ मिनिटं, उलट ६.
- क च्या पिकअपवरून ख च्या ड्रॉपला १५.
- ख च्या पिकअपवरून क च्या ड्रॉपला १६.
- ख च्या ड्रॉपवरून क च्या ड्रॉपला ५, उलट ७.

दोन मागण्यांचे चार थांबे लावण्याचे एकूण ६ क्रम होतात, पण त्यातल्या दोनांत एकाला पूर्ण सोडून मग दुसऱ्याला घेतलं जातं, म्हणजे शेअरिंग होतच नाही. उरले चार. प्रत्येक थांब्यावर गाडी १ मिनिट उभी राहते असं धरलं आहे.

| क्रम | चालण्याचा वेळ | क चा जादा वेळ | ख चा जादा वेळ |
|---|---|---|---|
| क घ्या, ख घ्या, ख सोडा, क सोडा | २३ | ७ | ० |
| क घ्या, ख घ्या, क सोडा, ख सोडा | २७ | ३ | १० |
| ख घ्या, क घ्या, ख सोडा, क सोडा | २६ | ३ | ८ |
| ख घ्या, क घ्या, क सोडा, ख सोडा | ३१ | ० | १९ |

दोघं वेगवेगळे गेले असते तर गाड्यांचा चालण्याचा वेळ १८ अधिक १४, म्हणजे ३२ मिनिटं झाला असता. चारही क्रमांत बचत दिसते. पण ४०% च्या मर्यादेने क ला ७.२ आणि ख ला ५.६ मिनिटंच देता येतात. त्यात बसतो फक्त पहिला क्रम. बचत ९ मिनिटांची.

थांब्यावरची मिनिटं हिशोबात धरली नसती तर क चा जादा वेळ ७ ऐवजी ५ दिसला असता आणि सगळं आरामात बसतंय असं वाटलं असतं. थांबण्याचा वेळ विसरणं ही या क्षेत्रातली सर्वांत महाग चूक.

आता ७ आणि ७.२ मध्ये अंतर किती? बारा सेकंद. एक लाल सिग्नल लागला की वचन मोडलं. म्हणून जोडी ठरवताना मर्यादेचा ८५% भागच वापरावा, उरलेला रस्त्यासाठी राखून ठेवावा. क साठी मग ६.१२ मिनिटं उरतात आणि ही जोडी बाद होते. ती बादच व्हायला हवी. पण तिसऱ्या पायरीतले चांगले थांबे हाताशी असतील आणि माणूस आधीच उभा असल्याने गाडी अर्ध्या मिनिटात निघत असेल, तर क चा जादा वेळ ६ मिनिटांवर येतो आणि जोडी पुन्हा जमते. सॉल्व्हर, म्हणजे सर्वांत चांगली निवड शोधणारं सॉफ्टवेअर, बदलून हे साधलं नसतं.

हिशोब अजून पुरा झाला नाही, कारण गाडी कुठे आहे हे पाहिलेलं नाही. वाट पाहण्याच्या आठ मिनिटांनाही तोच राखीव भाग लावला तर ६.८ मिनिटं मिळतात. ख कडे पोचायच्या आधी क च्या थांब्यावर अर्धा मिनिट आणि पुढे ४ मिनिटं जातात. म्हणजे गाडी क पासून फार तर २.३ मिनिटांवर हवी. चार मिनिटांवरची गाडी क साठी चालेल, जोडीसाठी नाही. जोडी ही दोन प्रवाशांची नसते, दोन प्रवासी आणि एका गाडीची असते.

सातवी पायरी: जोड्यांमधून निवड

प्रत्येक मागणी म्हणजे एक बिंदू, आणि जमणाऱ्या प्रत्येक जोडीसाठी दोन बिंदूंमध्ये एक रेषा, असा आलेख मांडा. रेषेचं वजन म्हणजे वाचलेला वेळ, वजा प्रवाशांच्या जादा वेळाचा काही हिस्सा. ०.३ पट हिस्सा धरला तर वरच्या जोडीचं वजन अर्ध्या मिनिटाच्या थांब्यांसह ९ वजा १.८, म्हणजे ७.२ होतं. नुसती बचत वजन म्हणून वापरली तर यंत्रणा प्रत्येकाला मर्यादेच्या टोकापर्यंत ताणते.

सर्वांत जास्त वजनाची जोडी उचला, मग उरलेल्यांतली, असं करत गेलं तर काय होतं पाहा. समजा ग–क जोडीचं वजन ८, क–ख चं ९ आणि ख–घ चं ८. ही लोभी पद्धत आधी क–ख उचलते. ग आणि घ एकटे राहतात, एकूण ९. नीट पाहिलं तर ग–क आणि ख–घ मिळून १६ होतात. अशी निवड बरोबर करणारी पद्धत जॅक एडमंड्स यांनी १९६५ मध्ये दिली. पायथनच्या नेटवर्कएक्स या लायब्ररीत कमाल वजनाचं मॅचिंग तयार मिळतं. काहीशे मागण्यांपर्यंत ते सहज पुरतं.

पाओलो सान्ती आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या २०११ सालच्या १५ कोटींहून जास्त टॅक्सी फेऱ्यांवर असाच आलेख मांडला. प्रवाशांची गैरसोय तुलनेने कमी ठेवूनही फेऱ्यांची एकूण लांबी ४०% किंवा त्याहून जास्त घटवता येते, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा आकडा सादरीकरणात सगळे वापरतात. तो अतिशय दाट मागणीच्या शहराचा आहे, आणि प्रत्येक जण शेअर करायला तयार आहे असं धरून काढलेला आहे, हे मात्र कोणी बोलत नाही.

आठवी पायरी: दोनाहून जास्त प्रवासी

मागण्या वाढल्या की क्रमांची संख्या भडकते: दोघांचे ६, तिघांचे ९०, चौघांचे २,५२०, पाच जणांचे १,१३,४००. सुटकेचा मार्ग असा, की तिघांची फेरी जमायची असेल तर त्यातली प्रत्येक जोडी जमलीच पाहिजे. म्हणून आधी गाडीसह जोड्या तपासा, ज्या तिघांच्या तिन्ही जोड्या पास झाल्या तेवढेच पुढे घ्या, त्यांचे क्रम पाहा, मग चौघांकडे जा. तिन्ही जोड्या जमल्या म्हणजे तिघंही जमतील असं नाही, पण एक जरी फसली तर पुढचा हिशोब वाचतो.

शेवटी हातात ‘ही गाडी, ही फेरी, एवढा खर्च’ अशा पर्यायांची यादी येते. त्यातून निवड पूर्णांक प्रोग्रॅमिंगने, म्हणजे प्रत्येक पर्यायाला ‘घ्या’ किंवा ‘सोडा’ ठरवणाऱ्या गणिताने, करायची. नियम दोनच: एका गाडीला जास्तीत जास्त एक फेरी, आणि एक प्रवासी जास्तीत जास्त एकाच निवडलेल्या फेरीत. राहिलेल्या प्रत्येक प्रवाशामागे दंड. हाइज (HiGHS), सीबीसी किंवा ओआर-टूल्स यांपैकी कुठलाही मुक्त सॉल्व्हर हे करतो.

दंड किती, हा कळीचा प्रश्न. तो एखाद्या प्रवाशाला नेण्याच्या सर्वांत मोठ्या खर्चापेक्षा बराच जास्त हवा, नाहीतर शहराच्या कडेला राहणाऱ्यांना सोडून देणंच सॉल्व्हरला स्वस्त पडतं आणि तो गुपचूप तसं करत राहतो. एकदा राहिलेल्या प्रवाशाचा दंड पुढच्या निवडीच्या वेळी वाढवा. सॉल्व्हरला ५ ते १० सेकंदांची मर्यादा घाला आणि सुरुवातीचं उत्तर म्हणून लोभी पद्धतीचा निकाल द्या, म्हणजे वेळ संपली तरी हातात काहीतरी चालणारं असतं.

या पद्धतीवरचा २०१७ चा हावियेर अलोन्सो-मोरा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास वाचण्यासारखा आहे. मॅनहॅटनच्या टॅक्सी डेटावर त्यांनी दाखवलं, की दहा जागांच्या २,००० किंवा चार जागांच्या ३,००० गाड्या ९८% मागणी पुरवू शकतात, सरासरी वाट २.८ मिनिटं आणि सरासरी उशीर ३.५ मिनिटं ठेवून. तिथे प्रत्यक्ष टॅक्सी १३,००० च्या वर होत्या. हे सिम्युलेशन आहे. त्यात कोणी कॅन्सल करत नाही, कोणी खाली येताना लिफ्टसाठी थांबत नाही.

पहिल्या वर्षी एवढं सगळं लागेलच असं नाही. दोन मागण्यांची मर्यादा आणि खाली दिलेली घुसवण्याची पद्धत यांवर बऱ्याच सेवा नीट चालतात.

धावत्या गाडीत नवा माणूस घुसवणं

रस्त्यावरच्या गाडीचा ठरलेला मार्ग हातात असतो. त्याच्या थांब्यांचा क्रम न हलवता नवा पिकअप आणि नवा ड्रॉप कुठे बसतो ते पाहायचं. शिल्लक थांबे ४ असतील तर १५ शक्यता, ६ असतील तर २८. एवढ्या सगळ्या तपासायला संगणकाला वेळ लागत नाही. ही पद्धत १९८६ पासून दारापर्यंतच्या वाहतूक सेवांसाठी अभ्यासली गेली आहे आणि आजही ती पहिली निवड असायला हरकत नाही.

एक युक्ती: प्रत्येक थांब्याशी ‘इथे किती मिनिटं उशीर झाला तरी पुढचं कुठलंच वचन मोडत नाही’ हा आकडा शेवटून सुरुवातीकडे काढून ठेवा. नव्या प्रवाशाने होणारा उशीर त्यापेक्षा जास्त असेल तर पुढचं काही न तपासता शक्यता टाकून द्या.

प्रवाशाच्या मनाचाही एक नियम इथे घाला: गाडीत बसलेल्याला त्याच्या ड्रॉपपासून दूर नेऊ नका, निदान २ मिनिटांहून जास्त नको. मर्यादेत बसणारा उलटा वळसाही माणसाला फसवणूक वाटतो. तीच मिनिटं पुढे सरकताना गेली तर तो फोनवरून मानही वर करत नाही.

बॅच किती सेकंदांची

बॅच म्हणजे काही सेकंद मागण्या साठवून त्यांच्या जोड्या एकदम लावणं. मागणी आल्याआल्या गाडी दिली तर लोभी पद्धतीचे सगळे तोटे येतात. एक मिनिट थांबलं तर प्रवासी स्क्रीनकडे पाहत कॅन्सल दाबतो. १५ ते ३० सेकंदांची बॅच बहुतेकांना मानवते. गर्दीच्या वेळी छोटी बॅचही भरते. रात्री मागण्या विरळ असतात, तेव्हा बॅच लांबवून विशेष काही हाती लागत नाही.

पिकअप होईपर्यंत दर बॅचला जोडी नव्याने लावता येते, आणि त्याने बचत वाढतेही. पण स्क्रीनवर गाडीचा नंबर दोनदा बदलला की विश्वास जातो. गाडी एकदा दाखवली की जास्तीत जास्त एक बदल, आणि गाडी ३ मिनिटांवर आल्यावर बदल बंद. याच टप्प्यावर तांत्रिक गोंधळही होतो. चालकाने मागणी नाकारली ती बातमी पोचायच्या आत पुढची बॅच धावते आणि एकच प्रवासी दोन गाड्यांना दिला जातो. निर्णय चालू असेपर्यंत मागणी आणि गाडी दोन्हींवर कुलूप घाला. तीस सेकंदांपेक्षा जुनं लोकेशन असलेली गाडी त्या बॅचला धरू नका.

न आलेला प्रवासी

एकट्याच्या राइडमध्ये उशीर करणारा स्वतःचाच वेळ घालवतो. इथे तो दुसऱ्याचा घालवतो. म्हणून थांब्यावर गाडी २ मिनिटं थांबेल, हे आधीच सांगावं आणि पाळावं. गाडी पोचायच्या २ मिनिटं आधी ‘थांब्यावर या’ असा निरोप गेला तर बरेच प्रश्न तिथेच मिटतात. एकाने ऐनवेळी कॅन्सल केलं तर दुसऱ्याचं भाडं वाढवू नका, त्याला सरळ थेट मार्गाने न्या. भाडंही जोडी लागली की नाही यावर अवलंबून ठेवू नका. बुकिंगच्या वेळी एकच आकडा सांगा, जोडी न लागण्याचा धोका सेवेने घ्यावा. दोघांनी मिळून वाचवलेला खर्च वाटताना ज्याचा जादा वेळ जास्त त्याला जास्त सूट, हे लोकांना पटतं. वरच्या उदाहरणात सूट क ला जास्त हवी, कारण ख चं काहीच बिघडलेलं नाही.

सहप्रवाशाला पूर्ण नाव, फोन नंबर किंवा घराचा पत्ता दिसता कामा नये. थांबे घरापासून थोडे दूर असण्याचा हाही फायदा आहे. फक्त महिलांसोबत प्रवास करण्याचा पर्याय द्यायला हवाच. त्याने मागण्यांचे गट वेगळे होतात आणि जोड्या कमी लागतात, तेव्हा त्या गटाची वाट पाहण्याची वेळ आधीच खरी सांगा.

दाटी नसेल तर काहीच चालत नाही

एका भागात एका बॅचला १० मागण्या असतील तर तपासायला ४५ जोड्या मिळतात, २० असतील तर १९०. मागणी दुप्पट, शक्यता चौपट. म्हणून पूर्ण शहरात दिवसभर पातळ सेवा पसरण्यापेक्षा एक पट्टा आणि सकाळ-संध्याकाळचे तीन-तीन तास घेणं शहाणपणाचं. स्टेशन, औद्योगिक वसाहत, मोठं रुग्णालय असं एक टोक सामाईक असेल तर जोड्या पटापट लागतात, कारण निम्मे थांबे आपोआप एकत्र येतात.

रिकाम्या गाड्या उगाच शहरभर फिरवू नका. पुढच्या १५ मिनिटांत कुठे मागणी येते याचा मागच्या काही आठवड्यांवरून अंदाज घ्या आणि जवळच्या गाडीला तिकडे पाठवा.

चाचणी आणि मोजमाप

आधी जुन्या नोंदी वेळेच्या क्रमाने यंत्रणेतून पुन्हा चालवा. प्रवासाच्या वेळेत मुद्दाम २०% पर्यंत वर-खाली चूक घाला, दर वीस प्रवाशांमागे एक येत नाही असं धरा. आदर्श जगात छान दिसणारी मांडणी इथे उघडी पडते.

सरासरी वाट पाहण्यापेक्षा ९० वं शतमक पाहा: दहातल्या नऊ जणांना किती वेळात गाडी मिळाली. सरासरी ४ मिनिटं असताना दहाव्या माणसाला १५ लागत असतील, तर बोलणारा तोच असतो.

आणि एक आकडा दर आठवड्याला भिंतीवर लावावा असा: सगळ्या प्रवाशांच्या थेट अंतरांची बेरीज, भागिले गाड्या धावल्या ते सगळे किलोमीटर, रिकामे धरून. समजा १०० प्रवाशांचं थेट अंतर ८०० किलोमीटर भरलं. गाड्या प्रवासी घेऊन ६४० किलोमीटर धावल्या. ८०० भागिले ६४० म्हणजे १.२५, वाहवा. पण पुढच्या पिकअपकडे जाताना त्या २४० किलोमीटर रिकाम्या धावल्या होत्या. एकूण ८८०, आणि गुणोत्तर ०.९१. प्रत्येक जण स्वतःची गाडी काढून एकटा गेला असता तर रस्त्यावर कमी किलोमीटर झाले असते.

आकडा १ च्या खाली असेल तर आधी रिकामे किलोमीटर तपासा, मग थांबे, मग वेळेचे गुणक. मर्यादा सैल करण्याचा मोह शेवटी. नेमकं काय अडतंय हे कळण्यासाठी रोज रात्री बाद झालेल्या जोड्यांमधून वीस यदृच्छ काढून नकाशावर पाहाव्यात, प्रत्येकीपुढे बाद होण्याचं कारण लिहावं: वाट जास्त, जादा वेळ जास्त, जागा नाही, गाडी लांब. आठवडाभरात एखादं कारण ठळकपणे पुढे येतं. बहुतेक वेळा त्या जोड्यांच्या मुळाशी तोच एक चौक असतो, जिथे थांबा रस्त्याच्या चुकीच्या बाजूला नोंदवलेला असतो.